दादांचा हिशेब

घरातले वडीलधारे माणूस गेले की काही दिवस घर माणसांनी भरून जाते. येणारा प्रत्येक जण चार चांगले शब्द बोलतो. फार कष्टाळू होते, पाच वक्तांचे नमाजी होते, कुणाचे वाईट केले नाही. चाळिसावा होतो, पाहुणे आपापल्या गावी परततात आणि मग एका संध्याकाळी कपाटातून कागदपत्रांची पिशवी बाहेर निघते. घर कुणाच्या नावावर, दुकानाचे काय, बहिणींच्या सह्या कधी घ्यायच्या, अशी बोलणी सुरू होतात. गेलेल्या माणसाने आयुष्यभर सांभाळलेला दीन त्याच्या घरात कितपत मुरला आहे, ते त्या संध्याकाळी कळते. या महिन्याच्या सदरात आम्ही आमच्या दादांविषयी लिहीत आहोत. दादा म्हणजे वडिलांचे वडील. आमच्याकडे आजोबांना दादाच म्हणतात.

दादा कऱ्हाडचे, जातीने पिंजारी. आमच्या भागात आम्हांला नदाफही म्हणतात. त्यांची खरी जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९२६ अशी नोंद आहे. त्या काळी मास्तर बऱ्याच मुलांचा जन्म १ जूनलाच घालून टाकत. मराठी चौथीपर्यंत शिकून दादा वडिलांच्या हाताखाली कामाला लागले आणि पुढची साठ वर्षे कापसातच राहिले.

आजच्या मुलांनी पिंजण पाहिलेले नसते, म्हणून थोडे सांगतो. पुरुषभर उंचीचे लाकडी धनुष्यच ते. त्याला जनावराच्या आतड्यापासून वळलेली तात ताणून बांधलेली असे. एका हाताने पिंजण कापसाच्या ढिगावर धरायचे आणि दुसऱ्या हातातल्या लाकडी मुठीने तातेवर ठोका मारायचा. तात थरथरली की दडस झालेला कापूस मोकळा होऊन उडायचा आणि त्यातली माती खाली बसायची. तो घुमणारा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. तोंडाला फडके बांधूनही धूळ नाकातोंडात जायचीच. दुपारी जोहरच्या वजूला बसले की दादांच्या भुवया आणि दाढी पांढरीशुभ्र दिसे. दाढी खरोखर पांढरी झाली तेव्हा, "आता धुवून जात नाही," असे म्हणून ते हसायचे.

पाऊस उघडला की ते पिंजण खांद्यावर टाकून पाटण खोऱ्यातल्या गावांत जात. दिवाळीपासून लग्नसराई संपेपर्यंत कामाला तोटा नसे. गावात कुणाच्या तरी ओसरीवर मुक्काम पडे. ज्या घरी लग्न असेल त्या घरच्या गाद्या, उशा, लोड-तक्के तिथेच बसून भरायचे. नमाजची वेळ झाली की त्याच ओसरीचा कोपरा झाडून दादा उभे राहत. घरातली म्हातारी माणसे पोरांना दटावत, "गप रे, नदाफभाऊ नमाज पढताहेत." दादांनी त्या घरांत धर्मावर कधी भाषण दिले नाही. लोकांनी त्यांचे काम पाहिले होते.

या कामात लबाडीला फार जागा असते. जुन्या गादीतला कापूस पिंजला की धूळ-कचरा जाऊन वजनात घट येतेच. ती किती यावी, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. मूठ-दोन मुठी कापूस बाजूला पडला तरी कुणाच्या लक्षात यायचे नाही आणि महिन्याकाठी त्यातून एक गादी उभी राहायची. दादा कापूस आधी गिऱ्हाइकासमोर तोलत, पिंजून झाल्यावर पुन्हा तोलत आणि खाली पडलेली धूळ पाटीत भरून दाखवत. मापात कमी देणाऱ्यांना पवित्र कुरआनने कठोर इशारा दिला आहे. त्या सूरेचे नावच 'अल्-मुतफ्फिफीन' आहे. दादांना अरबी व्याकरण येत नव्हते, पण ही सूरत तराजूची आहे एवढे त्यांना पक्के माहीत होते. जुन्या गाद्यांत कधी म्हाताऱ्यांनी लपवलेल्या नोटा निघत, एकदा सोन्याची फुली निघाली. ज्या घरची गादी त्या घरच्या बाईला हाक मारून, चार माणसांसमोर ती वस्तू तिच्या हातात ठेवायची, हा त्यांचा शिरस्ता होता. चार माणसांसमोर कशासाठी, असे आम्ही लहानपणी विचारले होते. "उद्या तिच्याच घरात तिच्यावर आळ येऊ नये म्हणून," असे त्यांनी सांगितले.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. ज्या गावांत दादांचा वर्षानुवर्षे वावर होता, तिथली घरे पडली. थंडीचे दिवस, उघड्यावर संसार. दादा पिंजण घेऊन निघाले आणि कित्येक दिवसांनी परतले. किती रजया भरल्या आणि किती पैसे घेतले, हे त्यांनी घरी सांगितले नाही आणि दादीने विचारले नाही. १९७२ च्या दुष्काळात गादी कोण भरणार? माणसांच्या पोटात घालायला धान्य नव्हते. तेव्हा दादा आणि दादी दोघेही सरकारी कामावर खडी फोडायला गेले. लाल मिलोच्या भाकरी आणि मुलांसाठी मिळणारी सुकडी यांवर घर निघाले. त्या साली आमचे अब्बा शाळा सोडून कामाला यायला निघाले होते. दादांनी त्यांना हाताला धरून परत वर्गात नेऊन बसवले. पुढे अब्बा एसटीत कंडक्टर झाले आणि चाचांनी दुकान धरले.

दादांचे कष्ट सांगताना दादीचे सांगितले नाहीत तर तेही मापात कमी देणेच ठरेल. दादा कापूस पिंजत आणि दादी गादीपाट शिवे, खोळ उलटवे, कापूस सारखा पसरे, दाभणाने टाके घाली. मोठ्या गादीला दोघांचे चार हात लागत. लग्नात ठरलेला मेहर दादांनी काही वर्षांनी, हाती पैसे आल्यावर, दादीला मोजून दिला होता. दादी ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगे. तिच्या मैत्रिणींपैकी बहुतेकींनी मेहर फक्त निकाहाच्या दिवशी काजीच्या तोंडून ऐकला होता.

दादांना दोन मुलगे आणि तीन मुली. तिन्ही फुफूंची लग्ने त्यांनी साधेपणाने केली. प्रत्येकीला स्वतः भरलेली गादी, रजई आणि जमेल तेवढे दिले. त्यानंतर १९९१ साली ते हजला गेले. तेव्हा मुंबईहून जहाजे जात होती. पुढे १९९५ मध्ये तो समुद्रमार्ग बंद झाला. निघण्याआधी महिनाभर दादा ओळखीच्या प्रत्येक गावी जाऊन आले. कुणाचे देणे राहिले आहे का, कुणाचे मन दुखावले आहे का, हे विचारत फिरले. एका खेड्यातल्या आजीबाईंनी त्यांना सुनावले, "माझ्या एका उशीचा कापूस तुझ्याकडंच राहिलाय बघ." दादांना ते आठवत नव्हते. तरी त्यांनी नवी उशी भरून नेऊन दिली.

हळूहळू पिंजणाची जागा यंत्राने घेतली आणि गादीची जागा फोमने. शेवटची दहा-बारा वर्षे दादा दुकानात बसून फक्त उशा भरत. फजर मशिदीत, मग कुरआनचे पठण आणि त्यानंतर चष्मा लावून मराठी भाषांतर वाचणे असा त्यांचा क्रम असे. चौथी शिकलेला माणूस, अक्षरांवरून बोट फिरवत वाचे. याच वाचनातून ते सूरह अन्-निसाच्या त्या आयतींपाशी येऊन थांबले, ज्यांत वारशाचे हिस्से सांगितले आहेत. आयुष्यभर कानांवरून गेलेली गोष्ट त्यांनी आपल्या भाषेत स्वतः वाचली. पुरुषांना हिस्सा आहे तसा स्त्रियांनाही आहे, मालमत्ता थोडी असो वा फार, आणि हे हिस्से अल्लाहने ठरवून दिलेले आहेत. एका आलिमसाहेबांकडे जाऊन त्यांनी ते दोनदा समजून घेतले.

नंतर एका जुम्याला त्यांनी सगळ्यांना बोलावले. तिन्ही फुफू सासरहून आल्या. दादांनी जाजमावर कापसाचे आठ सारखे ढीग केले आणि म्हणाले, "मी गेल्यावर हे घर आणि दुकान असं वाटायचं." एक ढीग त्यांनी दादीकडे सरकवला. मूलबाळ असेल तर बायकोला आठवा हिस्सा. उरले सात. मुलाला दोन मुलींएवढे, म्हणून दोन मुलांना दोन-दोन आणि तीन मुलींना एक-एक. चार आणि तीन सात. हिशेब इतका नेमका बसला की दादीसुद्धा हसली.

हसणे फार वेळ टिकले नाही. घर ते केवढे! पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि माडी. चाचांनी विचारले, "दुकानाचे तुकडे केले तर खायचे काय? बहिणींच्या लग्नात आपण दिलेच ना?" प्रश्न खोटा नव्हता. दुकानावर चाचांचे पाच जणांचे कुटुंब चालत होते. फुफूंनीही माना खाली घातल्या. मोठ्या फुफू म्हणाल्या, "अब्बा, हमना कुछ नक्को. भाईयां हैं, माहेर है, बस है."

दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मोठ्या फुफूंच्या पुढचा ढीग उचलून त्यांच्या ओंजळीत दिला आणि मुलांकडे वळून म्हणाले, "पैले उनके हात में देव, फिर माफी की बात करो." लग्नात दिले ती बापाने मुलीला दिलेली भेट होती. वारसा हा बापाने द्यायचा नाही, तो अल्लाहने आधीच देऊन ठेवला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. जे हातात आलेच नाही ते कुणी खुशीने कसे सोडील? ज्या बहिणीला भीती वाटते की हिस्सा मागितला तर माहेरचे दार बंद होईल, तिचा नकार आम्ही खुशीचा म्हणून लिहून घ्यायचा का?

आम्हांला वाटते, दादांच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांतले सर्वांत अवघड काम ते होते. खडी फोडणे त्याहून सोपे होते. खडी फोडताना घरचे सगळे आपल्या बाजूने असतात.

जानेवारी २०१४ मध्ये दादांचा इंतकाल झाला. जनाजाला पाटण खोऱ्यातूनही माणसे आली. दफनानंतर अब्बांनी तिथेच जमलेल्यांना सांगितले की मरहूमांकडे कुणाचे देणे असेल तर आमच्याकडे यावे. दादांची वही कपाटात होती. तिच्यात लोकांकडून येणे बरेच होते आणि देणे फक्त एका कापसाच्या व्यापाऱ्याचे. ते आधी फेडले. काही येणी गरिबांची होती. ती सोडून द्यावीत का, हे अब्बांनी एकट्याने ठरवले नाही. आता ती सर्व वारसांची होती, म्हणून दादीला आणि फुफूंनाही विचारले. सगळ्यांनी होकार दिला, मग ती पाने फाडली.

घर-दुकानाची किंमत जाणकारांकडून काढली तेव्हा ती चोवीस लाख ठरली. म्हणजे एक हिस्सा तीन लाखांचा. दादीचे तीन, प्रत्येक फुफूचे तीन, अब्बांचे आणि चाचांचे सहा-सहा. दादीचा हिस्सा घरातच राहिला, तिच्या नावाने. फुफूंचे नऊ लाख दोघा भावांनी द्यायचे ठरले. रोख एवढी रक्कम कुठली? अब्बांनी भविष्य निर्वाह निधीतून काही काढले. चाचांनी माल कमी भरला, नातेवाइकांकडून बिनव्याजी उसने घेतले. चार वर्षे लागली. त्या चार वर्षांत घरात सगळे गोड होते असे आम्ही म्हणणार नाही. चाचींनी एक ईद अबोल्यात काढली, आणि त्यांच्या जागी राहून पाहिले तर त्यांचे ओझेही खरे होते. पण प्रत्येक फुफूची रक्कम पुरी झाल्यावरच त्यांनी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली. त्या कागदात किती रक्कम पोचली तेही लिहिले आहे.

मोठ्या फुफूंनी त्या पैशातून गळके छप्पर काढून स्लॅब टाकला. मधल्या फुफूंची मुलगी नर्सिंग शिकली आणि आज नोकरी करते. धाकट्या फुफूंनी तीन लाख मोजून घेतले, महिनाभर आपल्याजवळ ठेवले आणि मग त्यांतले एक लाख चाचांना दुकानात माल भरायला आणून दिले. ते त्यांनी ताठ मानेने दिले. मागच्या ईदला तिघीही माहेरी होत्या. चाचींनी शीरखुर्मा केला होता.

हे सारे लिहिण्याचे कारण असे की आमच्या घराघरांत नमाज-रोजाची चर्चा जितकी होते तितकी या फर्जाची होत नाही. १९३७ च्या शरियत कायद्याने रूढी बाजूला सारून शरियतप्रमाणे वारसा लागू केला. त्याआधी अनेक ठिकाणी रूढीच्या नावाखाली मुलींना डावलले जात होते. शेतजमीन त्या कायद्याने वगळली, पण अल्लाहसमोरची जबाबदारी वगळलेली नाही. कायदा झाला तरी रूढी घरात बसूनच राहिली. आता ती बहिणीच्या सहीच्या रूपाने येते. चाळिसाव्याच्या गर्दीत, डोळे ओले असताना, न वाचता केलेली सही.

म्हणून वाचक बंधू-भगिनींनी एवढे तरी ध्यानात ठेवावे. माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेतून पहिला खर्च कफन-दफनाचा. दुसरे कर्ज, आणि पत्नीचा न दिलेला मेहर हेही कर्जच आहे. तिसरी वसीयत. ती एक तृतीयांशाच्या आत आणि जे वारस नाहीत त्यांच्यासाठी किंवा सत्कार्यासाठी करावी. त्यानंतर वारसांचे हिस्से. आमच्या घरी आठाचा हिशेब सहज बसला. तुमच्या घरी आई-वडील हयात असतील, मुलगा नसेल किंवा मुलींची संख्या वेगळी असेल तर हिस्से बदलतील. तेव्हा अंदाजाने वाटू नका. जाणकार आलिमांना विचारा, कागदासाठी वकिलाचा सल्ला घ्या. आणि शक्य असेल तर वडीलधाऱ्यांनी हयातीतच सगळ्यांना एकत्र बसवून देणे-घेणे सांगून ठेवावे, वही लिहून ठेवावी. मुलींनी आपणहून विषय काढावा, अशी वाट पाहू नये. त्या काढणार नाहीत.

स्वतःच्या हातांच्या कमाईपेक्षा चांगले अन्न कुणी खाल्ले नाही, आणि हजरत दाऊद (अ.) आपल्या हातांच्या कमाईवर जगत, अशा आशयाचे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे वचन आहे. दादांनी तसेच अन्न खाल्ले. माणूस मेल्यावर त्याची कर्मे थांबतात, पण तीन गोष्टी चालू राहतात, अशीही हदीस आहे: वाहता राहणारा सदका, लोकांना उपयोगी पडणारे ज्ञान आणि त्याच्यासाठी दुआ करणारी नेक औलाद. मोठ्या फुफू त्या स्लॅबखाली बसून रोज फजरनंतर आपल्या वडिलांसाठी दुआ मागतात. त्यांना ती मागायला मनात कुठलीही सल आड येत नाही.

अल्लाह आमच्या दादांची आणि तुमच्या घरच्या साऱ्या मरहूमांची मगफिरत करो, त्यांच्या कबरी नूराने भरो, आणि त्यांनी मागे ठेवलेले नीट मापाने वाटण्याची आम्हां सर्वांना तौफीक देवो. आमीन.